अक्का, तो चीक नव्हता

अक्का, मी घाबरलोय. आधी हेच सांगून टाकतो, कारण तू समोर असतीस तर मी चपला काढायच्या आत ओळखलं असतंस आणि म्हणाली असतीस, काय झालं रे मास्तर, तोंड कायले पाडलं? तुला जाऊन महिना उलटला. लोकांना वाटतं मी दुःखात आहे. शाळेतले शिक्षक माझा तास मागून घेतात, शेजारच्या वहिनी वाटीभर काहीतरी आणून देतात. दुःख आहेच. बस स्टँडवर तुझ्या रावेरची पाटी दिसली की डोळ्यांना धार लागते, तिथेच, लोकांदेखत. पण दिवसातला बाकीचा सगळा वेळ मी भ्यालेला असतो, आणि हे कोणाला सांगायची लाज वाटते.

रोज सकाळी अंघोळ झाली की मी गॅलरीत उजेडाला उभा राहतो. शाळेच्या प्रयोगशाळेतलं भिंग घरी आणलंय. दहा बोटांची नखं, तळहात, मग खुर्चीवर बसून पाय वर घेऊन तळपाय, बोटांच्या बेचक्या. आरसाही लागतो. परवा मला टाचेला काळं काहीतरी दिसलं, ते मी खरवडत बसलो. डांबर निघालं. तुझी भावजय दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "काय पाही राहिनात तुम्ही? बठ्ठं ठीक शे." ती धुळ्याचीच, तिचं बोलणं असंच, 'सगळं'ला 'बठ्ठं' आणि 'आहे'ला 'शे'. तू मला चिडवायचीस ना, धुळ्यात राहून आमचा मास्तरही शे-शे करायला लागला म्हणून. आता चिडवणारं कोणी नाही, तर मी खुशाल म्हणतो.

तुझ्या अंगावर माहेरची साडी घालायला मी हिरवी घेऊन आलो होतो. दुकानदाराने विचारलं, कोणासाठी? मी म्हणालो, बहिणीसाठी. तो म्हणाला, मग रंग जरा उजळ घ्या, सावळ्या असतील तर हिरव्यात आणखी सावळ्या दिसतात. त्याला काय माहीत. पण मी तिथे उभ्या उभ्या त्याच्यावर असा ओरडलो की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. जन्मभर तुझ्या रंगावर लोक बोलले आणि शेवटच्या साडीच्या वेळीही बोलले.

आणि मी तरी काय वेगळं केलं? मी पण तुझ्या रंगावरच बोललो. फक्त चांगलं बोललो, एवढंच.

आठवतं का तुला ते? मी जळगावला कॉलेजात पहिल्या वर्षाला होतो. नशिराबादहून रोज एसटीने जायचो-यायचो. तुझं लग्न जमत नव्हतं. आलेली स्थळं पोहे खाऊन जायची आणि मग निरोप यायचा की मुलगी चांगली आहे, पण. त्या 'पण'च्या पुढे कोणी बोलायचं नाही. आई तुला दुपारी अंगणात येऊ द्यायची नाही, अजून काळी होशील म्हणून. आणि मी आईवर गेलेला, गोरा. मला ऊन लागलं की मान लालभडक व्हायची, आणि तू माझ्या मानेला ताक लावायचीस.

त्या दिवशी मी कॉलेजातून आलो. तू ओट्यावर डाळ निवडत बसली होतीस. डोळे सुजलेले, म्हणजे आणखी एक निरोप आला होता. मला काय बोलावं कळेना. म्हणून मी सकाळी शिकलेलं सांगितलं. तुझ्या कातडीत मेलॅनिन जास्त आहे, अक्का. ज्यांचे पूर्वज पिढ्यान् पिढ्या उन्हात राहिले, त्यांना हे मिळतं. गोऱ्या लोकांच्या मुलखात उन्हाने कातडीचा कॅन्सर होतो. तुला कधी होणार नाही. तुझी कातडी म्हणजे अंगावर कायमची उघडलेली छत्री आहे.

तू मान वर केलीस. मला पुन्हा सांगायला लावलंस. मग आईला हाक मारून, तिच्यासमोर तिसऱ्यांदा सांगायला लावलंस. आणि उठून, निवडलेली डाळ तशीच ठेवून, भर दुपारी अंगणात जाऊन उभी राहिलीस. आई आत बोलावत होती, तू हलली नाहीस. मी इतका खूश झालो होतो की विचारू नकोस.

पुढच्याच स्थळाच्या वेळी मुलाच्या आईने चष्मा पुसत विचारलं, लहानपणापासून इतकीच काळी आहे का हो? आमची सगळ्यांची मान खाली. आणि तू पोह्यांचं ताट धरून उभी, म्हणालीस, हो, आणि माझ्या कातडीला कॅन्सर होत नाही, माझ्या भावाच्या पुस्तकात लिहिलंय. आपल्या आबांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं आता इथेच कानफटात बसते. आणि कोपऱ्यात बसलेला मुलगा खो-खो हसला. ते आमचे दाजी. दाजी पुढे प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगायचे, त्या एका वाक्यावर मी होकार दिला म्हणून. तेराव्याच्या दिवशीही पाहुण्यांपैकी कोणीतरी विषय काढला. दाजी उठून गोठ्याकडे गेले.

बघ ना, मी दिलेल्या त्या एका वाक्यावर तुझा संसार उभा राहिला. रावेरकडचं ते गाव, केळीची बाग, लेक ज्योती, सगळं. मग त्या वाक्याला मी खोटं तरी कसं म्हणू? ते खोटं नव्हतंच. अर्धं होतं. मास्तर माणसाला अर्धं उत्तर म्हणजे काय ते कळायला हवं होतं.

चार वर्षांपूर्वीच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तू माहेरी आलीस. मीही धुळ्याहून नशिराबादला आलो होतो. तू आल्या आल्या उजवा अंगठा माझ्यापुढे धरलास. नखात काळी उभी रेघ होती, पेन्सिलने ओढल्यासारखी. म्हणालीस, "हे पाह्य मास्तर. रॉकेल लावलं, लिंबू चोळलं, जात नाही मेलं." मी झोपाळ्यावर पेपर वाचत होतो. पेपर खाली केला, अंगठा पाहिला. फार तर पाच सेकंद. आणि म्हणालो, चीक आहे अक्का, नख वाढलं की जाईल.

केळीच्या गावातली बाई. घड उतरवायचे, बुडाशी फुटलेले पील काढायचे, खोडं कापायची, आणि दिवसभर तो पाणचट चीक हातावर. कपड्याला लागला तर कपडा फाटतो पण डाग जात नाही. तुमच्या गावात कोणाचं नख स्वच्छ आहे? बायकांचे चिकाचे कपडे वेगळे, दोरी वेगळी. काळं नख बघून कोणीही तेच म्हणालं असतं. दाजी म्हणाले, जावा म्हणाल्या, तू स्वतः म्हणालीस. पण ते कोणी सायन्स शिकवत नाहीत, अक्का. मी शिकवतो. नख मुळाशी वाढतं, पुढे सरकतं, आणि पाच-सहा महिन्यांत अंगठ्याचं अख्खं नख नवीन येतं, हे मी दरवर्षी फळ्यावर चित्र काढून सांगतो. वरून लागलेला डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि कापला जातो. जी रेघ मुळापासून टोकापर्यंत आहे आणि सहा महिन्यांनी पण तिथेच आहे, ती बाहेरून लागलेली नाही. एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. फळा लागतो, आणि तो माझ्याकडे होता.

पुढच्या आखाजीला तू नखांना लाल पॉलिश लावून आलीस. दहाच्या दहा. मी चिडवलं, काय अक्का, या वयात? तू हसलीस, म्हणालीस ज्योतीने लावून दिलं, हात बरे दिसत नाहीत म्हणून. मी अजून थोडं चिडवलं. खाली काय आहे ते विचारलं नाही. डोक्यातच आलं नाही, खरंच सांगतो. आता रोज येतं.

मग नख चिरलं. रक्त यायला लागलं. नखुर्डं म्हणून तू चुना-हळद बांधलीस. गावच्या डॉक्टरने बुरशी म्हणून मलम दिलं, तेही कित्येक महिने. काळेपणा नखाच्या मुळाकडून कातडीवर उतरला. काखेत गाठ आली तेव्हा कुठे तू जळगावला गेलीस, तिथून मोठ्या दवाखान्यात, आणि मला फोन आला की तपासणीला सोबत ये.

त्या खोलीतलं सगळं मला आठवतं. टेबलावरचा काचेचा पेपरवेट, त्याच्याखालचे कागद. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, सावकाश बोलला. म्हणाला, हा कातडीचा कॅन्सर आहे, मेलॅनोमा. आणि तू हसलीस. अशी हसलीस जशी ज्योती लहानपणी काही उलटसुलट बोलली की हसायचीस.

"नाही हो डॉक्टर साहेब," तू म्हणालीस. "मी तर काळी आहे ना."

आणि माझ्याकडे हात करून म्हणालीस, माझा भाऊ सायन्सचा मास्तर आहे, विचारा त्याले.

डॉक्टरने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

त्याने समजावून सांगितलं. मला, कारण तू ऐकत नव्हतीस. तुम्ही सांगितलं ते चूक नाही, म्हणाला. ज्यांचे पूर्वज थंड आणि कमी उन्हाच्या प्रदेशातले, त्यांच्या गोऱ्या कातडीला हा आजार कितीतरी जास्त होतो, आणि काळ्या कातडीला उन्हापासून खरंच राखण असते. पण एक प्रकार आहे ज्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. तो तळपायाला होतो, तळहाताला होतो, नखाखाली होतो. सगळ्या रंगांच्या माणसांना होतो. आपल्यासारख्यांना हा आजार झालाच तर बहुतेकदा याच जागी होतो, आणि तिथे कोणी बघत नाही. रुग्ण बघत नाही, घरचे बघत नाहीत, कधीकधी आम्हीही बघत नाही. म्हणून उशीर होतो. एवढं सांगून त्याने विचारलं, घराण्यात आधी कोणाला होतं का असं काही?

घराण्यात! आपल्या घराण्याचं मला पाठ आहे की. दर काही वर्षांनी भाट वही घेऊन यायचा, आबा पंगत घालायचे, आणि तो ओट्यावर बसून आपले बापजादे वाचायचा. गुजरातेतून कोण निघालं, तापी कुठे ओलांडली, कोणाला किती मुलगे. तू दहा-अकरा वर्षांची असताना त्याला मध्येच थांबवून विचारलं होतंस, यात काळं कोण होतं? सगळे हसले, भाटसुद्धा. त्याने वही उलटसुलट करून दाखवली आणि म्हणाला, रंग लिहीत नाही पोरी. मी त्या डॉक्टरसमोर बसून एकामागून एक नावं आठवत होतो आणि त्यातलं कोण कशाने मेलं हे एकाचंही सांगता येत नव्हतं. बायकांची तर नावंच नाहीत. मी म्हणालो, माहीत नाही.

पण मग मला राहवेना. नशिराबादला जाऊन काकूला खोदून खोदून विचारलं. तिचं वय झालंय, तरी आठवण शाबूत आहे. म्हणाली, तुमची तुळसा आत्या होती, आबांची मोठी बहीण, तू पाहिली नाहीस. रंगाने आपल्या अक्कासारखीच. तिच्या टाचेला काळा डाग होता. टाचेच्या भेगांना बिब्बा लावायची, तेव्हा बिब्ब्याचाच काळा डाग समजत होते सगळे. मग तो फुटला, बरा झाला नाही, आणि ती वर्षभरात गेली. काकू हे सांगून पुन्हा लसूण सोलायला लागली. मला तिच्या समोरून उठता येईना.

डॉक्टरला सांगितलं तर तो म्हणाला, आता त्यावरून काहीच ठरवता येणार नाही, आणि हा प्रकार सहसा घराण्यातून पुढे येणारा नाही, उगाच मनात घेऊ नका. तो सांगतो ते खरं असेल. पण एका घरात एक डाग चिकाचा ठरला, त्याआधी एक डाग बिब्ब्याचा ठरला. मनात घेऊ नका म्हणे!

अंगठ्यावरून आपण भांडलो ते भांडण अजून तसंच पडलंय. डॉक्टर म्हणाला काढावा लागेल, मी म्हणालो उद्याच काढा, आणि तू म्हणालीस बाग उतरू दे. अंगठा नसला तर विळा कसा धरू, भाकर कशी थापू. मी फोनवर तुला अडाणी म्हणालो. हो, म्हणालो. तुला अडाणी म्हणणारा मी कोण? तू फोन ठेवलास. अकरा दिवस आपण बोललो नाही. बाराव्या दिवशी तुझा फोन आला, कैरीचं लोणचं पाठवलंय, स्टँडवरून घेऊन ये, बस वाट बघत नाही. भांडणाचा शब्द नाही. दोन महिन्यांनी अंगठा काढला, तोवर ते आणखी पुढे गेलं होतं. आधी काढला असता तर काही फरक पडला असता का, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. उत्तर काय येईल त्याची भीती वाटली.

दवाखान्यात मी तीनदा ठरवून आलो होतो की आज बोलायचं. अक्का, तू अंगठा दाखवलास तेव्हा मी नीट पाहिलं नाही, माझं चुकलं. एवढंच वाक्य होतं. पहिल्यांदा नर्स आली. दुसऱ्यांदा तू झोपलीस. तिसऱ्यांदा तू जागी होतीस, खोलीत कोणी नव्हतं, आणि मी पारोळ्याजवळ रस्त्याचं काम कसं रखडलंय ते सांगत बसलो. तू ऐकून घेतलंस सगळं. मग पट्टी बांधलेला हात माझ्या गुडघ्यावर ठेवलास आणि म्हणालीस, जेवला का? तुला कळलं होतं की नाही, हे आता मला कधीच कळणार नाही. तू मला एकदाही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं गं.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. आतापर्यंत टाळलं.

तेराव्याच्या दिवशी ज्योती पंगतीत वाढत होती. सासरहून, शिरपूरहून, आल्यापासून पोरगी एक मिनिट बसली नव्हती. माझ्या ताटात तिने वरणासाठी बट्टी चुरून वाढली, तुझ्यासारखीच, दोन्ही हातांनी. आणि तिच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाच्या नखात मला रेघ दिसली. उभी. मुळापासून टोकापर्यंत.

मी पाणी प्यालो. ती म्हणाली, मामा, तूप घालू का अजून? मी म्हणालो, घाल. दुसरं काही बोललो नाही. तुझ्या तेराव्याच्या जेवणात बसून, चार वर्षांपूर्वी केलं तेच मी पुन्हा केलं. धुळ्याला परत येताना बसमध्ये स्वतःची समजूत घातली की काळ्या रंगाच्या पुष्कळ लोकांच्या नखांत रेघा असतात, निरुपद्रवी असतात. ते मी नंतर वाचलंही, आणि ते खरं आहे. पण मला आता खऱ्या गोष्टींचीही भीती वाटते.

दोन आठवडे गेले. रोज फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. काय सांगायचं? आईच्या राखेवरचं पाणी अजून सुकलं नाही आणि मामा फोन करून म्हणतो, तुझं नख दाखव. आणि तिचा रंग तुझा आहे अक्का, तुझाच, नाक-डोळे दाजींचे पण कातडी तुझी. तिलाही लहानपणी मीच सांगितलं होतं ते छत्रीचं. शाळेत पोरं काळी म्हणाली म्हणून रडत आली होती आणि तू तिला माझ्याकडे पाठवलंस, जा, मामाले विचार. दुसऱ्यांदा तेच अर्धं उत्तर. शेवटी गेल्या रविवारी मी शिरपूरची बस पकडली. तुझ्या भावजयीला सांगितलं, काम आहे. तिने विचारलं नाही, पण डबा दिला.

ज्योतीच्या घरी चहा झाला. तिच्या सासूबाई समोर बसल्या होत्या, त्या तुझ्याबद्दल चांगलं बोलत होत्या. मी हो-हो करत होतो आणि ज्योतीच्या हाताकडे बघत होतो. तिने ते पाहिलं. सासूबाई देवळात जायला उठल्या तशी ती माझ्यासमोर येऊन बसली आणि डावा हात पालथा करून माझ्या मांडीवर ठेवला.

"ही बघायला आलात ना?"

मी म्हणालो, कधीपासून आहे?

"वर्ष होईल. आई आजारी होती तेव्हापासून. आधी बारीक होती."

मग मी चिडलो, अक्का. भीतीने चिडलो. वर्ष! आणि आईचं सगळं डोळ्यांनी बघूनही तू कोणाला दाखवली नाहीस? निदान मला तरी दाखवायची होतीस. मी इतकं मोठ्याने बोललो की शेजारचा कुत्रा भुंकायला लागला.

ती शांतपणे म्हणाली, "मामा, तुम्हाला दाखवली असती तर तुम्ही काही नाही म्हणाला असता. आणि मी तुमच्यावर विश्वास ठेवला असता."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. त्याहून वाईट होतं ते. मग म्हणाली, आई शेवटपर्यंत म्हणायची, तुझा मामा माझ्या जन्मात माझ्या रंगाबद्दल चांगलं बोललेला पहिला माणूस. ती असेपर्यंत मला तिचं ते तोडायचं नव्हतं.

मी तिथे रडलो. मामा म्हणून शोभेल असं नाही, चांगला हमसून रडलो. तिनेच पाणी आणून दिलं. आणि ते पिऊन झाल्यावर मी पहिल्यांदा ते वाक्य मोठ्याने म्हणालो, जे तुला म्हणायचं होतं. की तुझ्या आईने अंगठा दाखवला तेव्हा मी नीट पाहिलं नाही. तुला सांगायचं ते तुझ्या लेकीला सांगितलं. तिने मान हलवली, एवढंच. तिला माहीत होतं.

गुरुवारी तिला धुळ्यात कातडीच्या डॉक्टरीण बाईंकडे नेलं. त्यांनी दहाही नखं बघितली, मग पायाची, मग तळपाय, यंत्राच्या भिंगातून, घाई न करता. इतक्या सावकाश कोणी तुझा हात बघितला असता तर! अंगठ्यांच्या नखांतही पुसट रेघा आहेत म्हणाल्या, त्या सावळ्या माणसांत असतात, त्यांची काळजी नाही. मधल्या बोटाशी थांबल्या. पुन्हा बघितलं. म्हणाल्या, हीसुद्धा बहुतेक तशीच असेल. पण एकटीच गडद आहे आणि रुंद झाली म्हणताय, तर नखाखालचा लहानसा तुकडा काढून तपासू. आता लवकर आहे, काही असलं तरी लवकर आहे. लवकर हा शब्द त्यांनी दोनदा म्हटला. मी तो मनात किती वेळा म्हटला असेन त्याची गणती नाही.

बोट बधिर करून तुकडा काढला. मी बाहेर बाकावर बसलो होतो. ज्योती बोटाला पट्टी बांधून बाहेर आली, रंग उडालेला. रिपोर्ट सोमवारी म्हणाले. स्टँडवर जायला रिक्षा केली. रस्त्याकडे बघतच तिने विचारलं, "मामा, काही नसेल ना?"

अक्का, त्या रिक्षात मला जे सुचलं ते अगदी सोपं होतं. काही नाही गं, म्हणायचं. माझ्या तोंडात ते तयार असतं. लोकांना धीर देणं हेच मी आयुष्यभर केलंय, तुला, तिला, वर्गातल्या पोरांना. तिच्या चेहऱ्यावर पण तेच दिसत होतं की म्हणा, मामा, एकदा म्हणाच.

मी म्हणालो, "मला माहीत नाही, बाई. मीही घाबरलोय."

जागा होती तरी ती माझ्याकडे सरकून बसली, आणि पट्टी बांधलेला हात माझ्या हातात दिला. स्टँड येईपर्यंत मी तो तसाच धरून ठेवला.